व्हिडिओ एडिटिंगसाठी टॅबलेट घेऊ की लॅपटॉप? लग्नाची शूटिंग करतो, शेतीचा यूट्यूब चॅनलही आहे.

भाऊ, लग्नाचं काम असेल तर लॅपटॉपच घ्या. नुसते रील्स असते तर टॅबलेटवर भागलं असतं; लुमाफ्यूजन हे एडिटिंगचं अ‍ॅप अँड्रॉइडवरही चालतं.

खरी गोम साठवणीत आहे. फोरके (4K, म्हणजे जास्त स्पष्ट) फुटेज मिनिटाला ३००-४०० एमबी सहज खातं. हळदीपासून वरातीपर्यंतचं सगळं १२८ जीबीच्या टॅबलेटात कोंबणार कसं? लॅपटॉपात १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (साठवणीची जागा) अन् जमलं तर वेगळं ग्राफिक्स कार्ड बघा. जुनी लग्नं बाहेरच्या हार्डडिस्कवर टाकत जा. सॉफ्टवेअरला पैसे घालू नका, डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते.

लाइनीच्या बाबतीत मात्र टॅबलेट सरस. एक्सपोर्ट (तयार व्हिडिओची फाइल बनवणं) चालू असताना लाइन गेली की लॅपटॉप बॅटरीवर मंदावतो, अन् जड कामात बॅटरीही लवकर बसते. पण आपल्याकडच्या मे महिन्यात दोन्ही तापतात. अ‍ॅपल तर आयपॅड ३५ अंशांपर्यंतच वापरा म्हणते, इथं पारा ४५ वर! उन्हाळ्यात एक्सपोर्ट रात्रीच लावा. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका, त्या हवेत ओलावा असतो.