हल्ली रस्त्यावर लाल-पिवळ्या गाड्या का दिसत नाहीत?

तुम्ही विचारलंय की पूर्वी लाल, पोपटी, पिवळ्या गाड्या दिसायच्या, आता जिकडेतिकडे पांढरं, काळं आणि करडंच का? लोकांची आवडच बदलली का?

आवड बदललेली नाही, असं माझं ठाम मत आहे. गोव्यात फोंड्याला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी घराला जांभळा आणि बलकांवाला (ओसरीला) पिवळा रंग काढणारा माणूस शोरूममध्ये गेला की पांढऱ्यावर बोट ठेवतो. का, तर "उद्या विकताना त्रास नको." गाडी अजून दारात यायची असते आणि रंग मात्र पाच-सात वर्षांनी ती घेणाऱ्या अनोळखी माणसाला विचारून ठरल्यासारखा ठरतो! मला याचं खरंच वाईट वाटतं.

त्यात मुहूर्ताची घाई. चवथ-दसऱ्याला गाडी हवी, स्टॉकात पांढरी उभी आणि लाल हवी तर थांबा. बहुतेक जण थांबत नाहीत. कंपनीला दिसतं ते एवढंच की पांढरी खपली, मग पुढच्या खेपेला पांढऱ्याच जास्त येतात.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या आयसीकार्स या संकेतस्थळाच्या पाहणीनुसार तिथे 2004 मध्ये पांढऱ्या, काळ्या, करड्या आणि चंदेरी गाड्या मिळून 60 टक्के होत्या, 2023 मध्ये 80 टक्के झाल्या. गंमत म्हणजे त्यांच्याच 2023 च्या अभ्यासात तीन वर्षांत किंमत सगळ्यात कमी उतरली ती पिवळ्या गाड्यांची: साडेतेरा टक्के, सरासरी साडेबावीस असताना. पिवळ्या मुळात थोड्या, आणि ज्याला हवी तो पैसे मोजतो. आपल्या बाजारात आकडे वेगळे असतील, पण भडक रंगाला भाव येत नाही हे सरसकट खरं नाही.

उन्हाचं कारण लोक देतात. पांढरी गाडी कमी तापते हे खरं. पण मग तेच लोक काळ्या 'डार्क एडिशन'साठी रांग का लावतात?

आता माझ्या कामातलं सांगतो. लाल रंगाला एकेकाळी खरी खोड होती. जुन्या इनॅमल रंगावर क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, नसायचा. ऊन खाऊन बॉनेट गुलाबी, खडूसारखं व्हायचं. कंपाउंड (घासून चमकवायची पेस्ट) मारलं की फडक्याला लाली यायची. आता रंगावर क्लिअर कोट असतो, त्यात अतिनील किरण शोषणारं रसायन असतं. लाल पूर्वीसारखा उडत नाही, बदनामी मात्र टिकून आहे.

आणि 'सेफ' करडा? तो बहुतेक वेळा मेटॅलिक असतो. त्यातले ॲल्युमिनियमचे बारीक कण रंगाची स्प्रे गन किती लांब धरली, हवेचा दाब किती, थिनर किती, यावर वेगवेगळे बसतात. दार सावलीत जुळलेलं दिसतं, उन्हात तिरकं पाहिलं की शेजारच्या फेंडरपेक्षा (चाकावरच्या पत्र्यापेक्षा) वेगळं. म्हणून मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून पॉलिश करतो आणि शेड त्याच्याशी बाहेर उन्हात ताडून बघतो. साधा, बिनकणांचा लाल यापेक्षा खूप सोपा जातो. पर्ल व्हाइट तर तीन थरांचा, तो सगळ्यात कटकटीचा.

गाड्यांच्या रंगांची निवड आकसण्याची ही पहिली वेळही नाही. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 फक्त काळ्या रंगात मिळायची, कारण तो काळा स्वस्त आणि टिकाऊ होता. मग ड्युपॉन्ट कंपनीचा ड्युको हा झटपट वाळणारा रंग आला, आठवड्यांचं वाळणं तासांवर आलं आणि रंग परतले. अलीकडे, 2023 मध्ये, फियाटने करड्या गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या प्रमुखांनी गाडीत बसून ती नारिंगी रंगाच्या हौदात उतरवून घेतली. जाहिरात होती, पण मला मनापासून आवडली.

तुम्ही गाडी घेणार असाल तर शोरूममध्ये किमतीआधी रंगाचं बोला आणि बुकिंगच्या पावतीवर तो लिहून घ्या. "आता पांढरी घेतो, नंतर रंगवू" हा बेत नको. आरसीवर रंगाची नोंद असते, पूर्ण गाडीचा रंग बदलला तर ती आरटीओत बदलून घ्यावी लागते. शिवाय दारांच्या आतल्या कडा आणि बॉनेटखालचा भाग रंगवायचा तर सगळं सुटं करावं लागतं, त्याची मजुरी ऐकून लोक माझ्याकडून परत जातात.