आजोबांच्या घरातलं जुन्या गोव्याचं चित्र भाऊ लिस्बनला नेऊ शकतो का?

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आजोबांच्या घरात फ्रेममध्ये एक जुनं छापील चित्र आहे, एकाच कागदावर गोवा, दीव आणि मोरोक्कोतली दोन बंदरं. वडील यंदा वारले. धाकटा भाऊ चवथीला लिस्बनहून आलाय, म्हणतो बाबांनी मला देतो म्हटलेलं, बॅगेत घालून नेतो. आणि एक अँटिकवाला रोख पैसे द्यायला तयार आहे.

ताई, सगळ्यात आधी ते चित्र बॅगेत जाऊ देऊ नका. फोटोवरून ते ब्राऊन आणि होगेनबर्ग या जोडीने जर्मनीत कोलोनला छापलेल्या नगरचित्रांच्या ग्रंथातलं पान वाटतंय, त्यांचा पहिला खंड १५७२ चा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी कलावस्तू म्हणजे पुरावस्तू, मग ती छापलेली कुठे का असेना. ती देशाबाहेर फक्त केंद्र सरकार किंवा त्यांनी अधिकार दिलेली एजन्सीच पाठवू शकते. भावाने नेली तर कमीत कमी ६ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद आणि वर दंड, आणि मोपा विमानतळावर कस्टमवाल्यांनी धरलं तर चित्रही हातचं जाणार. 'आजोबांचंच आहे' हे तिथे चालत नाही.

आता ते आहे कोणाचं? आईबाबांनी लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर आपल्या गोव्याच्या कायद्याने घरातल्या सगळ्या मालमत्तेत अर्धा वाटा आईचा, बाबांकडे वारशाने आलेल्या वस्तूंतही. उरलेला अर्धा तुम्हा तीन भावंडांचा, म्हणजे प्रत्येकी एक षष्ठांश, आणि बाबा तोंडी काही बोलले म्हणून ते मृत्युपत्र होत नाही. आपसात जमत नसेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करायची केस, घाला, तिथे हे चित्रसुद्धा यादीत येतं आणि वारस आपसात बोली लावून घेऊ शकतात. सून-जावयांनाही त्यात पार्टी करावं लागतं, हे लोक हमखास विसरतात आणि मग केस वर्षानुवर्षं रखडते, मी खूप बघितलंय हे.

अँटिकवाल्याला देशात विकायला बंदी नाही, पण त्याच्याकडे पुरावस्तूंचं लायसन आहे का ते बघा आणि आईची नि सगळ्या भावंडांची लेखी संमती असल्याशिवाय एक रुपयासुद्धा घेऊ नका.

ते अस्सल आहे की नंतरची नक्कल हेही बघून घ्या. जाणकाराकडून फ्रेम उघडून घ्या, तांब्याच्या प्लेटवरून छापलेलं असेल तर चित्राभोवती चौकोनी दाबाची खूण बोटाला लागते, आणि त्या ग्रंथातलं पान असेल तर मागच्या बाजूला बहुधा लॅटिन मजकूर असतो. नक्कल निघाली तरी नेण्याआधी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला घ्यायचा, त्यांचं ऑफिस जुन्या गोव्यातच आहे.

भावाला मात्र दुखवू नका, बाबांची आठवण हवीय त्याला. मोठ्या साईजचा चांगला स्कॅन काढून द्या, तो न्यायला कोणी अडवणार नाही, आणि तो परत जायच्या आधी मूळ चित्र आईच्या ताब्यात राहील एवढं चार ओळीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.