आडनाव कळताच ‘गेलेले’ घर

प्रश्न : परभणीहून बदली झाल्याने आम्ही लातूरला औसा रोडवर दोन खोल्या पाहिल्या, भाडे ठरले आणि 2,000 रुपये इसार दिला. रात्री करारासाठी आधार कार्डाचा फोटो पाठवला. सकाळी मालकांनी ‘मुलगा पुण्याहून परत येतोय’ असे सांगून पैसे परत केले. चारच दिवसांत ती जागा दुसऱ्यांना दिल्याचे कळले. ‘आडनावाचा प्रॉब्लेम झाला,’ असे एजंट बोलून गेला. आम्ही अनुसूचित जातीचे आहोत. कायद्याने काही करता येईल का?

उत्तर : करता येईल. राज्यघटनेच्या कलम 15 मधील भेदभावाची सर्वसाधारण मनाई शासनावर आहे, त्यामुळे खासगी मालकाविरुद्ध तेवढ्यावर तक्रार उभी राहत नाही. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम 17 मात्र व्यक्तींनाही बांधते. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 च्या कलम 4 नुसार, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर मिळवण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा 1 ते 6 महिने कैद आणि 100 ते 500 रुपये दंडाचा गुन्हा आहे. दंडाचा आकडा हसू आणणारा असला, तरी कैदेची तरतूद हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

तुमच्या दृष्टीने कलम 12 अधिक मोलाचे आहे. असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर येते. म्हणून इसाराची देवघेव आणि आधार कार्ड पाठवल्याची वेळ यांच्या नोंदी जपा. एजंट पोलीस ठाण्यात तेच बोलेल याचा भरवसा धरू नका. त्याचे म्हणणे मेसेजवर मिळते का, ते पाहा. जातिवाचक अपमान झालेला नसताना अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील अपमानाचे कलम ओढूनताणून घातल्यास तक्रार सैल पडते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तुम्हाला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100.

प्रश्न : मी नांदेडला विद्यार्थ्यांना खोल्या देतो. ‘मांसाहार चालणार नाही’ अशी अट घालता येते का? मुलांशी करार तोंडीच असतो.

उत्तर : धर्म किंवा आहार पाहून भाडेकरू नाकारणाऱ्या खासगी मालकाला रोखणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही, आणि ही उणीवच आहे. परंतु हीच अट एका मुलाला सांगायची आणि दुसऱ्याला आडनाव पाहून माफ करायची, असे केल्यास वर सांगितलेले कलम 4 तुमच्याही दारात येऊ शकते. तोंडी करार मात्र आजच थांबवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लेखी करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. कसूर झाल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे ज्या अटीविषयी तुम्ही विचारता, ती कधी घातलीच नव्हती असे मुलाने म्हटले, तर तुमच्या हातात कागद नसेल.