वर्षाच्या बेरजेत हरवलेलं पाणी

प्रिय,

तुझा आलेख पाहिला. आडव्या अक्षावर वर्षाचा पाऊस, उभ्या अक्षावर ओढ्यातून वाहून गेलेलं पाणी, आणि ठिपके असे विखुरलेत की रेषच बसत नाही. आकडे चुकले का, असं विचारतेस. आकडे ठीक आहेत. तू वर्षाची बेरीज घेतलीस, घोळ तिथे आहे.

कर्व्ह नंबरचं सूत्र तुला येतं, तेच लाव: नंबर जितका मोठा, तितकं जमिनीवर पडलेलं पाणी न मुरता वाहून जातं. नंबर ८० असलेल्या शेतावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर साधारण ५० मिलिमीटर वाहून जातो, म्हणजे हेक्टरी पाच लाख लिटर. तोच पाऊस २५-२५च्या चार सरींत पडला आणि मधे जमिनीला सुकायला उसंत मिळाली, तर चारही सरी मिळून जेमतेम ८ मिलिमीटर. बेरीज दोन्हीकडे शंभरच! हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे जोराच्या सरी आणखी जोर धरतात. वर्षाचा आकडा जागचा हलला नाही तरी ओढा वेगळा वागायला लागतो.

उमेदवारीत मी चोवीस तासांच्या नोंदींवर भिस्त ठेवून एक बांध आखला होता. वहीत ६० मिलिमीटर लिहिलं होतं; ते दिवसभर रिमझिमलं की पाऊण तासात कोसळलं, हे लिहिलेलं नव्हतं. बांध पहिल्याच मोठ्या सरीत फुटला.

आता जमीन. नंबर ८०चा ६० झाला, तर त्याच १०० मिलिमीटरमधून १८-१९च वाहतात. हा फरक पुष्कळदा मातीच्या वरच्या चार-पाच मिलिमीटरांत ठरतो. उघड्या रानावर थेंब आपटला की ढेकळं फुटतात, बारीक कण छिद्रांत बसतात आणि पापुद्रा धरतो. ऊन पडल्यावर त्याच्या कडा वळतात. नखाने उचलून बघ, खाली माती कोरडी सापडेल. धसकटं, पालापाचोळा अंथरलेला असेल तर थेंबाचा मार तोच झेलतो.

दोन्ही टोकं कापलेला पत्र्याचा डबा घे, मातीत चार बोटं ठोक, लिटरभर पाणी ओत आणि मुरायला किती मिनिटं लागतात ते मोज. पिकाच्या ओळीत, ट्रॅक्टरच्या चाकोरीत, झाडाखाली. चाकोरीत कंटाळशील.

झाडं लावली की ओढा बारमाही होतो, असं सगळे म्हणतात. सावध राहा. १९८२ साली ९४ पाणलोटांतल्या प्रयोगांचा आढावा निघाला, त्यात झाडोरा वाढला की वर्षाचा एकूण प्रवाह सहसा घटलेलाच दिसला. मुळं पाणी पितात, हे आपण सोयीने विसरतो. पुराचा जोर कमी होणं आणि एकूण पाणी वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी.

मग दोष हवामानाचा की शेतीचा? शेजारशेजारचे दोन सारखे पाणलोट घे, एकात मशागत बदललेली, दुसऱ्यात जुनीच. पाऊस दोघांवर एकच, म्हणून दोघांमधली तफावत जमिनीची. असा जोड मिळाला नाही, तर बदलाआधीच्या वर्षांवर पाऊस आणि प्रवाहाचं समीकरण बसव आणि नंतरच्या वर्षांना ते लावून बघ; अंदाज आणि प्रत्यक्ष प्रवाह यांतली तफावत जमिनीकडे बोट दाखवते. पण आधी तासातासाच्या नोंदी मिळव. डब्याची मिनिटं आली की आलेख पुन्हा काढू; चाकोरीतली वेगळ्या पानावर लिही.

तुझा,
सर