वाचकांचे प्रश्न : सत्येंद्रनाथ बोस यांनी नेमकं काय केलं?

भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस आणि एकसारखे कण मोजण्याच्या त्यांच्या पद्धतीबद्दल (तिलाच बोस सांख्यिकी म्हणतात) आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : बोस सांख्यिकी समजावण्यासाठी मी वर्गात दोन नाणी दोनशे वेळा उडवायला लावली. या पद्धतीत दोन्हींवर छापा येण्याची शक्यता एक-तृतीयांश असते असं वाचलं होतं. प्रत्यक्षात ते पन्नासच्या आसपासच आलं. कुठे चुकलं?

तुमचा प्रयोग बरोबर आहे, पण नाण्यांकडून एक-तृतीयांश कधीच मिळणार नाही. दोन नाणी कितीही सारखी दिसली तरी एकावर बोट ठेवून त्याचा माग काढता येतो. म्हणून ‘पहिलं छापा, दुसरं काटा’ आणि ‘पहिलं काटा, दुसरं छापा’ या दोन वेगळ्या घटना ठरतात. प्रकाशकणांना पहिला-दुसरा म्हणायची सोय निसर्गातच नाही. तिथे ‘एक इकडे, एक तिकडे’ ही एकच अवस्था असते. अवस्था तीन, म्हणून प्रत्येकीची शक्यता १/३.

वर्गात हे उडवून दाखवण्यापेक्षा कागदावर मोजून दाखवा. तीन कप्पे आखा आणि तीन कण घ्या. कणांना क्रमांक दिले तर मांडण्या ३ × ३ × ३ = २७ होतात. आता क्रमांक पुसा आणि बोस यांनी विचारला तोच प्रश्न विचारा : रिकामे कप्पे किती, एक कण असलेले किती, दोन असलेले किती? कोणता कण कुठे, हे विचारायचंच नाही. प्रत्येकी एक कण असेल तर मांडणी १. दोन-एक-शून्य असेल तर ६. तिन्ही एकाच कप्प्यात असतील तर ३. एकूण १०.

मुलं हमखास अडखळतात ती दोन-एक-शून्यपाशी. कण सारखे म्हणजे कप्पेही सारखे, असं धरून ती इथे १ लिहितात. कप्पे वेगळेच असतात, कारण प्रत्येक कप्पा म्हणजे वेगळा संवेग किंवा वेगळी जागा. ताळा करायचा तर तीन खडे आणि दोन काड्या एका रांगेत मांडा. काड्या म्हणजे कप्प्यांमधल्या भिंती. अशा रांगा ५!/(३! × २!) = १० होतात.

आता दोन्ही मोजण्या शेजारी ठेवा. तिन्ही कण एकाच कप्प्यात सापडण्याची शक्यता जुन्या मोजणीत ३/२७, म्हणजे ११ टक्के. नव्या मोजणीत ३/१०, म्हणजे ३० टक्के. तिन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत असण्याची शक्यता ६/२७ वरून १/१० वर येते. कणांमध्ये कोणतंही आकर्षण नसताना, केवळ ओळख पुसल्यामुळे ते एकत्र येण्याकडे झुकतात. वर्गातला अर्धा तास याच आकड्यांवर खर्च करावा, इतके ते मोलाचे आहेत.

प्रश्न : प्लांक यांचं सूत्र १९०० सालीच मिळालं होतं. मग १९२४ मध्ये बोस यांनी नवं काय केलं?

तापलेल्या वस्तूच्या प्रकाशात कोणत्या कंपनसंख्येला किती ऊर्जा असते, ते सांगणारं हे सूत्र बरोबर होतं, पण तिथे पोचण्याची वाट दोन न जुळणाऱ्या तुकड्यांची होती. एका कंपनसंख्येच्या प्रकाशाची सरासरी ऊर्जा पुंजकल्पनेतून (ऊर्जा ठरावीक पुड्यांतच मिळते या कल्पनेतून) काढायची आणि तिला ज्या 8πν²/c³ ने (ν म्हणजे कंपनसंख्या, c म्हणजे प्रकाशाचा वेग) गुणायचं तो गुणक मात्र जुन्या विद्युतचुंबकीय तरंगांतून आणायचा. बोस यांना हे खटकत होतं. त्यांनी तरंग बाजूला ठेवले आणि प्रकाश हा कणांचा वायू मानला.

त्यांची रीत अशी. प्रकाशकणाचा संवेग p = hν/c, इथे h म्हणजे प्लांक यांचा स्थिरांक. पात्राचं आकारमान V असेल, तर p आणि p + dp यांच्या दरम्यान फेज स्पेसचं (जागा आणि संवेग दोन्ही एकत्र मोजणाऱ्या अवकाशाचं) आकारमान V × 4πp²dp. त्याला h³ ने भागलं की कप्पे मिळतात. प्रकाशाच्या ध्रुवीकरणाच्या दोन शक्यता असतात म्हणून दुप्पट करायची. p ची किंमत घातली की h कटून जातो आणि V × 8πν²dν/c³ समोर येतं. तरंगांचं नावही न काढता तोच गुणक! मग वरची मोजणी लावून एकूण ऊर्जा कायम ठेवायची, की प्लांक यांचं सूत्र उतरतं.

स्वतः करून पाहणाऱ्यांचं गणित दोन ठिकाणी फसतं. दुप्पट करायचं राहिलं तर उत्तर नेमकं निम्मं येतं. आणि वायू म्हटल्यावर सवयीने कणांची संख्याही कायम धरली, तर समीकरणात एक जादा स्थिरांक शिरतो आणि सूत्र जुळत नाही. पात्राच्या भिंती प्रकाशकण शोषतात आणि सोडतात, त्यामुळे त्यांची संख्या कायम नसते. बोस यांनी ती अट घातलीच नाही.

हा लेख जेमतेम चार पानांचा आहे. ४ जून १९२४ रोजी त्यांनी तो ढाक्याहून पत्रासोबत आइन्स्टाइन यांना पाठवला. आइन्स्टाइन यांनी स्वतः जर्मनमध्ये अनुवाद करून, ही महत्त्वाची प्रगती आहे अशी टीप जोडून, तो ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजीक’ या जर्मन नियतकालिकात छापायला दिला.

प्रश्न : डॉक्टरेट नसताना ते प्राध्यापक कसे झाले? आणि पुढे इतकं मोठं काम का दिसत नाही?

जन्म १ जानेवारी १८९४, कोलकाता. १९१५ मध्ये एम.एस्सी.ला ते पहिले आले, मेघनाद साहा दुसरे. पुढे दोघांनी आइन्स्टाइन यांचे सापेक्षतेवरचे लेख इंग्रजीत आणले. १९२१ मध्ये बोस नव्या ढाका विद्यापीठात रीडर (प्राध्यापकाच्या खालचं पद) झाले. १९२४ ते १९२६ ते युरोपात होते. पॅरिसला मॉरिस द ब्रॉय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी क्ष-किरणांचं तंत्र पाहिलं, बर्लिनला आइन्स्टाइन यांची भेट झाली. परतल्यावर आइन्स्टाइन यांच्या शिफारशीमुळे डॉक्टरेटची अट आड आली नाही.

१९२४ चाच त्यांचा दुसरा लेख, प्रकाश आणि द्रव्य यांच्या समतोलावरचा, आइन्स्टाइन यांना पटला नाही. त्यांनी तसं लेखासोबतच छापलं. नंतर बोस यांचा वेळ अध्यापनात, ढाक्याच्या क्ष-किरण प्रयोगशाळेत आणि १९४८ पासून बंगीय विज्ञान परिषदेतून बंगालीत विज्ञान आणण्यात गेला. हे काम दुय्यम मानण्याची रीत आम्हाला मान्य नाही. नोबेल त्यांना मिळालं नाही. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांचं निधन झालं.

प्रश्न : हिग्ज बोसॉन बोस यांनी शोधला का?

नाही. बोस सांख्यिकी पाळणाऱ्या सर्व कणांच्या गटाला भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी ‘बोसॉन’ हे नाव दिलं. हिग्ज हा त्या गटातला एक कण. तो २०१२ मध्ये युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेत सापडला.

प्रश्न : बोस-आइन्स्टाइन संघनित अवस्थेचं भाकीत कोणाचं? ती प्रत्यक्षात कशी तयार करतात?

भाकीत आइन्स्टाइन यांचं, १९२४-२५ मधलं. बोस यांची मोजणी त्यांनी अणूंच्या वायूला लावली. अणूंची संख्या कायम असते, म्हणून इथे बोस यांनी न घातलेली ती संख्येची अट लागते, आणि तिच्यातूनच निघतं की पुरेशा थंडीत बरेचसे अणू सर्वांत खालच्या एकाच अवस्थेत उतरतात. पाया बोस यांचा, संघनन आइन्स्टाइन यांचं. अदलाबदल केली तर दोघांवरही अन्याय होतो.

५ जून १९९५ रोजी अमेरिकेत बोल्डर इथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी ती मिळवली : सुमारे २,००० रुबिडियम अणू, केल्विनच्या सुमारे १७० अब्जांश तापमानाला. रुबिडियम-८७ मध्ये ३७ प्रोटॉन, ५० न्यूट्रॉन आणि ३७ इलेक्ट्रॉन, बेरीज १२४. अशा कणांची बेरीज सम असेल तर अणू बोसॉन ठरतो, म्हणून हा अणू बोसॉन.

काचेच्या पात्रात अतिशय उच्च निर्वात ठेवून आधी लेसरने अणू मंद करतात. लेसर शेवटपर्यंत पुरत नाही, कारण प्रकाशकण शोषताना आणि सोडताना अणूला दरवेळी धक्का बसतो. मग लेसर बंद करून अणू चुंबकीय सापळ्यात धरतात आणि रेडिओ लहरींनी सर्वांत तापलेले अणू बाहेर काढत राहतात, चहाची वाफ जाऊन चहा निवावा तसं. हे घाईने केलं तर उरलेल्या अणूंना आपसात आदळून नव्या तापमानाला यायला वेळ मिळत नाही. फार सावकाश केलं तर पात्रातल्या शिल्लक हवेचे रेणू अणूंना धडकून सापळ्याबाहेर उडवतात.

साध्या सापळ्यात आणखी एक अडचण असते : मध्यभागी चुंबकीय क्षेत्र शून्य होतं आणि तिथे आलेले थंड अणू आपल्या चुंबकत्वाची दिशा बदलून निसटतात. बोल्डरमध्ये एक फिरतं क्षेत्र जोडून हे भोक झाकलं. त्याच वर्षी एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियमसाठी तिथे लेसरचं बूच लावलं. तिघांना २००१ चं नोबेल मिळालं.

संघनन झालं हे कळतं सावलीवरून. सापळा बंद करून ढग क्षणभर पसरू देतात आणि प्रकाश टाकून त्याची सावली टिपतात. साधा वायू सर्व दिशांना सारखा पसरतो, सावली गोल पडते. संघनित अणूंचा ठिपका मात्र लांबट दिसतो : सापळा ज्या दिशेने जास्त आवळलेला होता, त्याच दिशेने तो जास्त पसरतो.