मुलांच्या बुद्धीवर आईवडिलांचा परिणाम होत नाही, असं सँड्रा स्कार खरंच म्हणाल्या होत्या का?

तुम्ही एका दमात तीन प्रश्न विचारलेत. स्कार असं म्हणाल्या का, बुद्धीत आईवडिलांचा वाटा नक्की किती टक्के, आणि एकाच घरात वाढूनही तुमच्या दोन मुलांत एवढा फरक का. पहिल्याचं उत्तर 'म्हणाल्या, पण तेवढंच म्हणाल्या नव्हत्या' असं आहे. दुसऱ्याला टक्क्यांत उत्तरच नाही. मी हा विषय शिकवते, आणि वर्गात सगळ्यात जास्त वेळ जातो तो हेच समजावण्यात. तिसऱ्याकडे शेवटी येते.

सँड्रा स्कार (१९३६–२०२१) अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. मिनेसोटा विद्यापीठात असताना त्यांनी रिचर्ड वाइनबर्ग यांच्याबरोबर दत्तक मुलांचे दोन मोठे अभ्यास केले. दत्तक मुलंच का? जन्मदात्या आईवडिलांकडे वाढणाऱ्या मुलाला जनुकं आणि घर दोन्ही त्याच माणसांकडून मिळतात. पुस्तकांनी भरलेल्या घरातलं मूल हुशार निघालं तर श्रेय पुस्तकांचं की पुस्तकं गोळा करणाऱ्यांच्या जनुकांचं, हे कळायला मार्ग नसतो. दत्तक मुलाच्या बाबतीत मात्र जनुकं एका कुटुंबाची आणि घर दुसऱ्याचं.

पहिला अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला. काळ तापलेला होता. मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी १९६९ मध्ये, गरीब मुलांसाठीच्या विशेष शिक्षणाने बुद्ध्यांक फारसा वाढत नाही आणि कृष्णवर्णीय व गोऱ्या मुलांच्या सरासरीतल्या फरकामागे जनुकं असू शकतात, असं लिहून वादळ उठवलं होतं. स्कार आणि वाइनबर्ग यांनी १०१ गोरी, सुशिक्षित, सुस्थितीतली कुटुंबं घेतली. त्यांनी दत्तक घेतलेल्या मुलांपैकी १३० जणांचे जन्मदाते आईवडील, दोघे किंवा एक, कृष्णवर्णीय होते. या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक १०६ निघाला, आणि अगदी लहानपणी दत्तक आलेल्यांचा ११०. त्या भागातल्या कृष्णवर्णीय मुलांची सरासरी तेव्हा ९०च्या आसपास धरली जात असे. म्हणजे 'घराने काही होत नाही' असं म्हणणाऱ्यांच्या यादीत ज्यांचं नाव घातलं जातं, त्यांनीच घर बदललं की किती फरक पडतो ते दाखवलं होतं. (दहा वर्षांनी पुन्हा चाचणी झाली तेव्हा दत्तक मुलांचे आणि त्या घरांतल्या पोटच्या मुलांचेही आकडे खाली आले. त्यातून काय अर्थ काढायचा यावर अजून भांडणं चालू आहेत, मी त्यात शिरत नाही.)

दुसरा अभ्यास तान्हेपणी दत्तक गेलेल्या आणि तेव्हा साधारण १६ ते २२ वर्षांच्या झालेल्या मुलांचा. इथे त्यांनी वेगळी गोष्ट पाहिली: एकाच घरात वाढलेली, पण रक्ताचं नातं नसलेली दोन भावंडं बुद्ध्यांकात एकमेकांसारखी असतात का? पहिल्या अभ्यासातली लहान मुलं बऱ्यापैकी सारखी होती. या मोठ्या मुलांमधला सहसंबंध जवळजवळ शून्य होता. एकच छप्पर, तेच आईवडील, आणि तरी बुद्ध्यांकापुरती ती रस्त्यावरून उचललेल्या कुठल्याही दोन माणसांइतकीच परकी. तुम्ही वाचलेलं वाक्य इथून निघालं आहे.

मग खरं काय मानायचं? दोन्ही. पहिला निकाल सरासरीबद्दल आहे, दुसरा माणसामाणसांतल्या फरकाबद्दल. एखाद्या गटातल्या प्रत्येक मुलाच्या बुद्ध्यांकात १५ मिळवा. सरासरी १५ने वर जाईल, पण कोण कोणाच्या पुढे हा क्रम तसूभरही हलणार नाही, आणि हेरिटॅबिलिटी, म्हणजे आनुवंशिकतेचं टक्क्यांतलं माप, क्रमाकडे आणि अंतरांकडेच बघते. एका विशिष्ट समूहातल्या माणसांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच ती सांगते. ती ६० टक्के आहे म्हणजे तुमच्या मुलाची ६० टक्के बुद्धी जनुकांतून आली आणि उरलेली ४० तुम्ही दिलीत, असा हिशेब होत नाही. उंचीचंच घ्या. आजच्या श्रीमंत देशांत उंचीची हेरिटॅबिलिटी ८० टक्क्यांच्या आसपास आहे, तरी त्याच देशांत गेल्या शतकात सरासरी उंची कित्येक सेंटिमीटरनी वाढली. जनुकं तेवढ्यात बदलली नव्हती.

लहानपणी दिसणारा घराचा ठसा पुढे पुसट का होतो, यावर स्कार यांनी कॅथलीन मकार्टनी यांच्याबरोबर १९८३ मध्ये जे लिहिलं ते मला त्यांचं सगळ्यात मोलाचं काम वाटतं. त्यांचं म्हणणं असं की मूल आणि परिसर यांचं नातं तीन तऱ्हांनी घडतं. तान्हं मूल मिळेल त्या परिसरात वाढतं, आणि तो परिसर आईवडिलांनी आपल्या स्वभावाप्रमाणे मांडलेला असतो. थोडं मोठं झालं की त्याच्या स्वभावाला लोक प्रतिसाद देऊ लागतात. सतत 'का? का?' विचारणाऱ्या मुलीशी मोठी माणसं जास्त बोलतात, घुम्या मुलाशी कमी. आणि वय वाढतं तसं मूल स्वतःच परिसर निवडू लागतं: मित्र कोण, रिकाम्या वेळात काय, कुठला विषय घ्यायचा, कुठला टाळायचा. आईवडिलांनी मांडलेलं घर मागे पडतं, स्वतः निवडलेलं जग पुढे येतं, आणि ती निवड करणारा स्वभाव काही अंशी जनुकांतून आलेला असतो. एरवी विचित्र वाटणारी एक गोष्ट यातून उलगडते. २०१० मध्ये चार देशांतल्या सुमारे ११ हजार जुळ्यांच्या जोड्यांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा बुद्धीची हेरिटॅबिलिटी ९व्या वर्षी ४१, १२व्या वर्षी ५५ आणि १७व्या वर्षी ६६ टक्के निघाली. अनुभव साठत जातो तसा जनुकांचा प्रभाव कमी व्हायला हवा असं आपल्याला वाटतं, आणि होतं नेमकं उलट.

वादाला तोंड फुटलं ते १९९१ साली. बालविकास संशोधकांच्या संस्थेच्या अध्यक्षीय भाषणात स्कार म्हणाल्या की छळ किंवा हेळसांड नसलेल्या सर्वसाधारण घरांमध्ये, पालक अमुक पद्धतीने वागतात की तमुक, याने मुलांच्या विकासात फारसा फरक पडत नाही. बऱ्यापैकी चांगलं घर पुरेसं आहे. डायना बॉमरिंड यांच्यासारख्या संशोधकांनी त्यावर कडाडून टीका केली: 'सर्वसाधारण' कुठे संपतं हे ठरवणार कोण, आणि असं सांगितल्यावर पालक जबाबदारी झटकणार नाहीत का? दुसऱ्या आक्षेपाचं मला फारसं वाटत नाही, निष्कर्ष गैरसोयीचा आहे म्हणून चुकीचा ठरत नाही. पहिला मात्र वर्मी लागतो.

कारण दत्तक मूल कोणाला मिळतं? संस्था छाननी करतात. फार गरीब, फार विस्कटलेली घरं त्यात येतच नाहीत. अशा घरांचीच आपसांत तुलना केली की घराचा परिणाम लहान दिसणार, हे उघड आहे. गंमत म्हणजे हेही आधी स्कार यांनीच दाखवलं होतं. १९७१ मध्ये फिलाडेल्फियाच्या शाळांतल्या जुळ्यांवरच्या अभ्यासात त्यांना वंचित मुलांमध्ये जनुकांचा वाटा कमी आढळला होता. २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ एरिक टर्कहायमर यांनी अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांवर तेच तपासलं. सर्वांत गरीब घरांत फरकांपैकी सुमारे ६० टक्के सामायिक घराशी जोडले गेले आणि जनुकांचा वाटा शून्याजवळ आला. सुस्थितीतल्या घरांत चित्र जवळपास उलटं होतं. २०१६ च्या एका एकत्रित विश्लेषणात असा कल अमेरिकेत दिसला, पण पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात दिसला नाही. शाळा आणि आरोग्यसेवा सगळ्यांना बऱ्यापैकी समान मिळाल्या की गरिबीचा फास सैल होत असावा, असा एक अंदाज आहे.

फ्रान्समधला १९९९चा अभ्यासही इथे आठवतो. लहानपणी हेळसांड झालेली, ८६च्या खाली बुद्ध्यांक असलेली मुलं ४ ते ६ वर्षांची असताना दत्तक गेली. पौगंडावस्थेत पाहिलं तर साध्या घरांत गेलेल्यांची सरासरी सुमारे ८ अंकांनी आणि सुस्थितीतल्या घरांत गेलेल्यांची १९ अंकांनी वाढली होती. शाळेचंही तसंच. २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली तेव्हा शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे अभ्यासपद्धतीनुसार १ ते ५ अंकांची वाढ निघाली.

त्याच वर्षी आइसलँडमधून आणखी एक निष्कर्ष आला. आईवडिलांच्या जनुकांपैकी जी मुलाकडे गेलीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध सापडला. ती जनुकं मुलाच्या शरीरात नाहीत, म्हणजे तो परिणाम आईवडिलांनी उभ्या केलेल्या घरातूनच पोचला असणार. जनुकं एका पेटीत आणि घर दुसऱ्या पेटीत अशी वाटणी करता येत नाही म्हणते ती यासाठी.

आता तुमची मुलं. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी जनुकं सामायिक असतात, बाकी निम्म्यात दोघं वेगळी. बुद्ध्यांकात कोणत्याही दोन अनोळखी माणसांत सरासरी १७ अंकांचा फरक असतो, सख्ख्या भावंडांत १२-१३चा. म्हणजे एकाला गणित पटकन कळतं आणि दुसऱ्याला वेळ लागतो, यात 'आमचं काय चुकलं' असं विचारण्यासारखं बहुधा काही नाही. फक्त धाकट्याच्या बाबतीत तुम्ही लिहिलंय की तोंडी उत्तरं छान देतो, पण वाचायला बसला की अडखळतो आणि मग वही बाजूला सारतो. ते बुद्ध्यांकाच्या खात्यात टाकू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, आणि वाचनअक्षमतेची (डिस्लेक्सियाची) चाचणी करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. वाचनअक्षमता हुशार मुलांतही असते, आणि ती जितकी लवकर ओळखली जाईल तितका सरावाचा उपयोग जास्त होतो.