जिभेच्या नसेचं यंत्र काढायचंय?

स्लीप अ‍ॅप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या विकारासाठी, जिभेच्या नसेला झटके देणाऱ्या यंत्राला अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली. त्याची बॅटरी साधारण ११ वर्षं चालते. सुरुवातीच्या रुग्णांची ती आता संपत आली आहे. यंत्र काढण्याबद्दल तिथल्या वाचकांकडून सारखी विचारणा होते, म्हणून इथे एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : बॅटरी संपली की सगळंच काढतात का?
उत्तर : नाही. तारा चांगल्या असतील तर फक्त छातीतला बॅटरीचा डबा बदलतात.

प्रश्न : आठ महिने झाले, घोरणं तसंच आहे. काढून टाकू?
उत्तर : यंत्र चालू ठेवून झोपेची तपासणी झाली का? नसेल तर आधी ती करा. झटक्याची ताकद आणि इलेक्ट्रोडची जुळणी बदलून पुष्कळांना फरक पडतो. जाहिरातीत ‘मास्कला (म्हणजे सीपॅपला, झोपेत हवेचा दाब देणाऱ्या यंत्राला) रामराम’ एवढंच दिसतं, ही जुळवाजुळव कुणी दाखवत नाही. त्रास होत असेल तर रिमोटने बंद करा आणि स्लीप डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : छातीवरच्या टाक्यांजवळ लाली आहे, थोडा पू येतो. दोनदा अँटिबायोटिक घेतलं, ओळखीच्यांनी हळदीचा लेप सांगितला. थांबू का?
उत्तर : एक दिवसही थांबू नका. पू येतोय म्हणजे जंतू यंत्रापर्यंत पोचले असण्याची दाट शक्यता आहे. ते धातूवर आणि तारेवर चिकट थर करून बसतात, तिथे औषध पुरेसं पोचत नाही. म्हणून गोळ्यांनी लाली ओसरते आणि कोर्स संपला की परत येते. लेपाने तर फक्त दिवस जातात, आणि ही तार मानेतून थेट जिभेच्या नसेपर्यंत गेलेली असते. अशा वेळी बहुधा डबा आणि तारा दोन्ही काढाव्या लागतात. तारेच्या टोकाची, नसेभोवती गुंडाळलेली पट्टी वणात घट्ट रुतलेली असते. ती सोडवताना नस दुखावली तर जीभ एका बाजूला वळते, बोलणं आणि गिळणं अडखळतं. संसर्ग नसेल तर कधी कधी ती पट्टी मुद्दाम आतच ठेवतात, पण पू असताना ती सोय धोक्याची. म्हणून ज्यांनी ही यंत्रं स्वतः काढली आहेत अशाच सर्जनकडे जा, आजच फोन करा. फुगवट्यात कुणालाही सुई टोचू देऊ नका.

प्रश्न : एमआरआयसाठी काढावंच लागतं, असं ऐकलं.
उत्तर : ऐकीव आहे. पुष्कळ मॉडेलना अटींसह चालतं. यंत्राचं कार्ड रेडिओलॉजी विभागाला आधी दाखवा. अर्धवट तार आत राहिली असेल तर तेही सांगा.

प्रश्न : काढल्यावर?
उत्तर : अ‍ॅप्निया परत येतो. सीपॅप शस्त्रक्रियेआधीच घरी आणून ठेवा आणि भूलतज्ज्ञांना अ‍ॅप्नियाबद्दल स्वतः सांगा. भूल आणि वेदनाशामकांमुळे श्वास आणखी अडतो, त्यामुळे पहिल्या रात्रीपासून मास्क लागेल.